परांची भाड्याने घ्यावी की विकत? आधी दिवस मोजा

घर बांधायला काढलं की महिन्याभरात सिमेंटचा, सळईचा, वाळूच्या ब्रासचा भाव तोंडपाठ होतो. परांचीचा, म्हणजे उंचावर उभं राहून काम करायच्या सांगाड्याचा भाव मात्र कुणी विचारत नाही. ती घरात उरत नाही, अंदाजपत्रकात तिची ओळ नसते आणि ‘ते मिस्त्री बघून घेतील’ एवढ्यावर विषय मिटतो. मग स्लॅब होतो, भिंती चढतात आणि बाहेरच्या प्लास्टरच्या तोंडावर मिस्त्री विचारतो, “साहेब, पहाडाचं काय करायचं?” पहाड म्हणजे हीच परांची.

आमच्या गावच्या घराच्या वेळी मला हा प्रश्न याच टप्प्यावर आला. प्लास्टरवाले दोन दिवसांत येणार होते, म्हणून घाईने जवळच्या भाडेवाल्याकडून चारही बाजूंना पुरेल एवढं सामान उचललं. काम तीन आठवड्यांचं होतं. सामान साडेतीन महिने उभं राहिलं आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस त्यावर माणूसच चढला नव्हता. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, की परांचीला आपण मोजतो ते दिवसांचे पैसे. फ्रेमचा दर काय आहे, बांबू स्वस्त की लोखंड, हे प्रश्न त्यानंतरचे. सामान किती दिवस अंगणात राहणार आणि त्यातले किती दिवस त्यावर काम चालणार, हे ज्याला सांगता आलं त्याला भाड्याने की विकत याचं उत्तर जवळजवळ मिळालंच.

बोलताना आपण दोन वेगळी सामानं एकाच नावाने ओळखतो. स्लॅब आणि बीम ओले असताना त्यांना खालून पेलून धरणाऱ्या प्लेटा, टेकू, जॅक आणि स्पॅन म्हणजे सेंट्रिंग. माणसाने उभं राहून बांधकाम, प्लास्टर, रंग करायचा तो उभा सांगाडा म्हणजे परांची. पहिली काँक्रीटचं वजन पेलते, दुसरी माणसाचं. भाडेवाला बहुतेक एकच असतो, पण दोन्हींचा हिशेब एकत्र करू नका. का, ते पुढे येईल.

सामान कोणी आणायचं?

स्वतः उभं राहून घर बांधणारे बहुतेक जण मजुरीवर काम देतात. माल आपला, मजुरी चौरस फुटाच्या दराने ठेकेदाराची. या दरात सेंट्रिंग असतंच असं सगळे धरून चालतात आणि ते सहसा असतं. परांचीचं मात्र तसं नाही. विटकामापुरते दोन-चार बांबू आणि फळ्या मिस्त्रीकडे असतात. बाहेरच्या प्लास्टरची टीम बऱ्याचदा वेगळी येते आणि ती म्हणते, “परांची पार्टीची.” रंगवाला आणखी तिसरा. म्हणजे एकाच भिंतीसाठी तीन वेळा तीन जणांबरोबर हा विषय निघतो आणि प्रत्येक वेळी तो आपल्याच गळ्यात पडतो.

म्हणून मजुरीचा करार करतानाच, साध्या वहीच्या पानावर का होईना, चार शब्द लिहून घ्या: आतल्या कामाच्या घोड्या (फळी टेकवायचे बुटके स्टँड) आणि फळ्या कोणाच्या, बाहेरची परांची कोणाची, बांधणी-सोडणीची मजुरी कोणाची, टेम्पो कोणाचा. ठेकेदाराचा दर थोडा चढला तरी परांची त्याच्याच अंगावर ठेवलेली बरी, असं माझं मत आहे. ज्याच्या कामाचा वेग परांचीचे दिवस ठरवतो, त्याच्याच खिशातून भाडं गेलं तर काम आपोआप वेगाने होतं.

बांबू की लोखंड

बांबूची परांची शहरात बहुतेक वेळा तयार सेवा म्हणून मिळते. बांबूवाला बांबू, दोर आणि माणसं घेऊन येतो, बांधतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर सोडून नेतो. दर उक्ता किंवा चौरस फुटावर. तिथे भाड्याने की विकत हा प्रश्नच उरत नाही. गावाकडे मात्र बांबू किंवा बल्ल्या आपणच आणतो. कोकणात माणगा, विदर्भात भरीव मानवेल, बाकी ठिकाणी निलगिरीच्या बल्ल्या. भरीव किंवा जाड सालीचा, वाळलेला आणि भुंगा न लागलेला बांबू हवा. बांबू जमिनीवर आपटून पाहा आणि खालून पिवळी पूड गळते का बघा. गळत असेल तर तो कुंपणाला वापरा, माणसाच्या पायाखाली नको. दोराकडे तर त्याहून जास्त लक्ष द्या. काथ्याचा दोर पावसात भिजून पुन्हा सुकला की गाठ ढिली पडते, म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर गाठी फिरून तपासाव्या लागतात.

बांबूबरोबर एक गोष्ट येते जी घराच्या पुढच्या वीस वर्षांशी जोडलेली आहे. एकेरी परांचीत आडव्या बांबूचं एक टोक बाहेरच्या उभ्या बांबूला बांधतात आणि दुसरं थेट भिंतीत घालतात. त्यासाठी विटकाम करतानाच भिंतीत भोकं सोडतात. परांची उतरवताना ही भोकं बुजवायची असतात आणि उतरणाऱ्या माणसाला घाई असते. मग तो विटेचा तुकडा कोंबतो, वरून मसाला फासतो आणि खाली येतो. पुढच्या जुलैत बेडरूमच्या भिंतीवर ओला डाग उमटतो आणि आपण गच्चीला वॉटरप्रूफिंग करत बसतो. भोक आधी पाण्याने भिजवून, आत बारीक खडीचं काँक्रीट पूर्ण खोलीपर्यंत ठासून, मग वर प्लास्टर, हीच पद्धत. मला विचाराल तर बाहेरच्या भिंतीला भोकंच नकोत. उभ्या बांबूंच्या दोन रांगांची दुहेरी परांची बांधायला सांगा. बांबू जास्त लागतात, पण भिंत अखंड राहते.

लोखंडात छोट्या घराला बहुतेक एच फ्रेम येतात: साधारण १.२ मीटर रुंद, २ मीटर उंच चौकट, दोन चौकटींना जोडणारी कैची म्हणजे क्रॉस, पायाला उंची कमी-जास्त करायचा जॅक आणि वर चालायला चाली. कपलॉक, म्हणजे पाइप कपासारख्या कड्यांत अडकवून जोडायचा प्रकार, हे मोठ्या कामाचं सामान. दुमजली घराच्या प्लास्टरला ते आणण्यात अर्थ नाही.

किती लागेल?

२५ फूट बाय ३० फुटांचं, तळमजला अधिक एक मजला असं घर धरू. जोतं, दोन मजले आणि गच्चीची कठडाभिंत मिळून उंची साधारण २५ फूट. घेर ११० फूट, म्हणजे साडेतेहतीस मीटर. दोन चौकटींमध्ये २ मीटर अंतर ठेवलं तर घराभोवती साधारण २० चौकटी लागतात, आणि वर हात पोचायला तीन थर. एकूण ६० फ्रेम.

आता हेच काम एका वेळी एकच बाजू घेऊन करू. ३० फुटी बाजू म्हणजे ९ मीटर. पाच गाळे, सहा चौकटी, तीन थर, मिळून १८ फ्रेम. त्यांना ३० क्रॉस, १२ जॅक आणि एका थराच्या चाली. ६० च्या जागी १८. एक बाजू झाली की सोडून पुढच्या बाजूला लावायची. हलवायला दरवेळी तीन-चार माणसांचा एक दिवस जातो, हे खरं. पण दोन गवंड्यांची टीम एका वेळी एकाच भिंतीवर असते. बाकी तीन बाजूंची परांची त्या वेळी नुसती उभी असते. चारही बाजूंना एकदम लावायची ती चार-पाच गवंड्यांची टीम असेल किंवा पाऊस तोंडावर आला असेल तरच.

दिवस कुठे जातात

सगळ्यात मोठा खड्डा प्लास्टर आणि रंग यांच्यामध्ये असतो. बाहेरचं प्लास्टर दोन हातांत होतं, पहिला थर आणि वरचा थर, मिळून साधारण २० मिलीमीटर. दोन्हींच्या मध्ये काही दिवस जातात, मग पाणी मारण्याचा आठवडा-दीड आठवडा. आणि रंग लावण्याआधी नवं प्लास्टर साधारण २८ दिवस मुरू द्यावं लागतं, नाहीतर ओलावा आणि चुन्याचा खार रंगाला फुगवतात. आता हे २८ दिवस परांची ठेवायची की काढायची? ठेवली तर महिन्याचं भाडं रिकाम्या लोखंडाला. काढली तर पुन्हा टेम्पो, पुन्हा बांधणी. कागद घ्या आणि महिन्याचं भाडं एका बाजूला, दोन फेऱ्यांचा टेम्पो, हमाली आणि बांधणी-सोडणीची मजुरी दुसऱ्या बाजूला लिहा. १८ फ्रेमच्या छोट्या संचात बहुतेक दोन्ही आकडे जवळ येतात. ६० फ्रेममध्ये भाड्याचा आकडा पुढे जातो. तिसरा मार्गही आहे: प्लास्टरनंतर परांची परत करायची आणि रंगवाल्याला त्याच्या झुल्यासह (वरून दोराने टांगलेली बैठक) उक्तं काम द्यायचं. दुमजली घराला हा मार्ग मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो.

दुसरा खड्डा पंचांगाचा. कोकणात गणपतीच्या आधी आणि नंतर मिळून दोन आठवडे साइटवर कुणी नसतं. परप्रांतीय रंगवाले आणि प्लास्टरवाले होळीला, छठपूजेला गावी जातात आणि महिन्याने येतात. दिवाळी सगळ्यांचीच. भाडेवाल्याच्या वहीत मात्र या दिवसांना सुट्टी नाही. सामान उचलण्याआधी पुढच्या दोन महिन्यांतले सण बघा आणि टीमला सरळ विचारा की तुम्ही गावी कधी जाणार.

तिसरा खड्डा विसरलेल्या कामांचा, आणि तो भरून काढणं पूर्ण आपल्या हातात आहे. परांची एका भिंतीला लागली की त्या भिंतीवरचं उंचावरचं प्रत्येक काम त्याच वेळी व्हायला हवं. गच्चीचं पाणी उतरवणारे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. कॉलम आणि विटकाम जिथे भेटतात तिथे तारेची जाळी, तीही प्लास्टरच्या आधी. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच, जिच्याविना छज्ज्याचं पाणी उलटं भिंतीकडे येतं. एसीच्या पाइपचं भोक, दर्शनी दिव्यांच्या वायरची नळी, सोलर हीटरच्या पाइपची वाट, खिडकीच्या ग्रीलची मापं. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना प्लास्टर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बोलवा आणि भिंतीसमोर उभं करून खडूने खुणा करून घ्या. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनची नळी राहिली आणि त्या एका नळीसाठी पूर्ण बाजू परत उभी करावी लागली.

एका ठिकाणी मात्र दिवस वाचवायचे नाहीत, आणि सेंट्रिंगचा हिशेब वेगळा ठेवा असं वर म्हटलं ते याचसाठी. १,००० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब, बीम सोडून, साधारण २९ टन वजनाचा असतो. तो टेकूंवर उभा असतो आणि टेकूंचंही भाडं दिवसागणिक चढत असतं. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे. बीम ६ मीटरपर्यंतचा असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. आपल्याकडे जे राखमिश्रित पीपीसी सिमेंट सर्रास वापरतात त्याची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, म्हणून याहून थोडे जास्तच दिवस द्या आणि इंजिनिअरने हो म्हटल्याशिवाय एकही टेकू हलू देऊ नका. सेंट्रिंग ठेकेदाराला दुसऱ्या साइटवर प्लेटा हव्या असतात, तो आठव्या दिवशी फोन करतो. नाही म्हणायचं.

विकत कधी परवडतं

पुढचे आकडे फक्त हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव त्यांच्या जागी टाका. समजा १८ फ्रेमचा पूर्ण संच नवा ५०,००० रुपयांना येतो, चांगला सेकंड हॅण्ड ३०,००० ला आणि महिन्याचं भाडं २,५०० आहे. नवा घेऊन काम झाल्यावर २८,००० ला विकला तर तुम्हाला तो २२,००० ला पडला, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांचं भाडं. एवढे महिने एका घराला परांची लागत नाही. तोच सेकंड हॅण्ड ३०,००० ला घेऊन २३,००० ला विकला तर ७,०००, म्हणजे तीन महिन्यांपेक्षाही कमी भाडं. नव्याची किंमत पहिल्या वापरातच घसरते. जुन्याची हळूहळू घसरते आणि भंगाराच्या भावाखाली कधी जात नाही. म्हणून विकत घ्यायचीच तर जुनी, पण नीट तपासलेली.

पैसे येतील तसं बांधणाऱ्यांना हे जास्त लागू पडतं. यंदा जोतं, पुढच्या वर्षी स्लॅब, त्यानंतर प्लास्टर असं तीन वर्षं चालणारं घर असेल, तर दरवेळी नवी अनामत, नवा टेम्पो आणि किमान एका महिन्याचं भाडं, मग काम आठ दिवसांचं असो. अशा वेळी छोटा संच विकत घेऊन गोठ्यात रचून ठेवणं शहाणपणाचं. भावकीत दोन-तीन घरं पुढेमागे होणार असतील तर वर्गणीने घ्या. एका हंगामात घर पूर्ण करणाऱ्याने मात्र फ्रेम भाड्यानेच आणाव्यात आणि फक्त आतल्या कामाच्या दोन लोखंडी घोड्या, चार जाड फळ्या, एक चांगली शिडी, हेल्मेट आणि दोन अंगभर पट्ट्यांचे सुरक्षा बेल्ट विकत घ्यावेत. ही सामग्री पुढे पंखा बसवायला, जळमटं काढायला, दर चार-पाच वर्षांच्या रंगाला उपयोगी पडते.

जुना पाइप घेताना डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. परांचीचा नेहमीचा पाइप बाहेरून ४८.३ मिलीमीटर असतो. त्याची जाडी ३.२ मिलीमीटर असेल तर मीटरला साडेतीन किलोच्या वर वजन भरतं. २ मिलीमीटरचा पातळ पाइप मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. ६ मीटरच्या एका पाइपमागे सात-आठ किलोंचा फरक. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, उचलल्यावर दिसत नाहीत. चौकटींचे पाइप याहून बारीक असू शकतात, तिथे जोडाजवळचे वेल्डिंग बघा. तडा गेलेलं, पुन्हा डागलेलं किंवा खालच्या टोकाला गंजून पापुद्रे सुटलेलं काहीही घेऊ नका. वाकलेली चौकट सरळ करून वापरू असं कुणी म्हणालं तर ती बाजूला काढा.

भाड्याने घेतानाही हीच नजर लागते, वर चलनाचं, म्हणजे सामानाच्या यादीच्या पावतीचं काम. टेम्पोतून उतरवताना प्रत्येक नग मोजा. फ्रेम कुणी विसरत नाही, पिना, जॅकचे नट आणि क्लॅम्प हरवतात आणि परतीच्या वेळी त्यांचेच पैसे अनामतीतून कापले जातात. वाकलेले नग वेगळे ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच वेळी भाडेवाल्याला पाठवा. आणण्याचा आणि परत करण्याचा दिवस भाड्यात धरतात का, किमान मुदत किती, मसाला चिकटलेल्या चालींची सफाई कोण करणार, बिलावर १८ टक्के जीएसटी लागणार का, हे आधी बोला.

उभी करताना

भाड्याचा हिशेब चुकला तर पैसे जातात. इथे चुकलं तर माणूस जातो, म्हणून मालकाने स्वतः बघावं.

जोत्याभोवतीची माती नुकतीच भरलेली असते. तिच्यावर जॅक तसाच टेकवला तर पहिल्या पावसात एक पाय खचतो आणि अख्खी परांची भिंतीपासून बाहेर कलते. काळ्या जमिनीत तर ओल आली की माती फुगते आणि सुकली की भेगाळते. म्हणून माती ठोकून, प्रत्येक पायाखाली जाड फळी आणि त्यावर जॅकची प्लेट. वीट किंवा ठोकळ्याचे तुकडे रचून पाय उंच केलेला दिसला तर काम थांबवा. परांचीची उंची तिच्या अरुंद बाजूच्या तिप्पट-चौपटीपलीकडे गेली की ती नुसती उभी राहू शकत नाही. १.२ मीटर रुंदीला तिसरा थर चढण्याआधी ती इमारतीला बांधलेली हवी, खिडकीच्या ग्रीलला नव्हे तर कॉलमला किंवा खिडकीच्या दोन बाजूंत घट्ट अडकवलेल्या पाइपला. हिरवी जाळी लावली असेल तर ती वाऱ्यात शिडासारखी फुगते. जाळीसोबत बांधण्या वाढवा आणि वादळी वाऱ्याचा इशारा आला की जाळी सोडून ठेवा.

विजेची तार हा सगळ्यात फसवा धोका आहे. ११ केव्हीपर्यंतच्या (११ हजार व्होल्टपर्यंतच्या) तारा इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असाव्यात असा नियम आहे आणि घराचा नकाशा त्यावर बसतो. पण परांचीची रुंदीच १.२ मीटर आहे, वर भिंतीपासूनचं अंतर. म्हणजे नियमात बसलेल्या घराची परांची तारेला टेकते, आणि हातातला ६ मीटरचा पाइप तर त्याच्याही पलीकडे जातो. त्या बाजूला सामान लावण्याआधी महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि तार हलवणं किंवा कामापुरता पुरवठा बंद ठेवणं यातलं काय होईल ते ठरवून घ्या. ते ठरेपर्यंत ती बाजू राहू द्या.

उभं राहायची जागा पूर्ण रुंदीची असावी, मध्ये फट नको. दोन्ही टोकांना फळी बांधलेली हवी, कारण टोकावर पाय पडला की न बांधलेली फळी उलटते. बाहेरच्या बाजूला कमरेच्या वर, साधारण एक मीटरवर आडवा दांडा आणि पायाशी १५ सेंटीमीटरची पट्टी, म्हणजे थापी किंवा वीट खाली कुणाच्या डोक्यात जात नाही. वर चढायला शिडी, कैचीवर पाय देऊन नाही. आणि वजन: एक लाल वीट साधारण तीन किलोची, १०० विटांची थप्पी तीनशे किलोंची, पाण्याचं २०० लिटरचं पिंप दोनशे किलोंचं. प्लास्टरसाठी बांधलेल्या परांचीवर यातलं काहीही साठवायचं नसतं. मसाल्याची दोन घमेली आणि दोन माणसं, एवढंच.

आपल्या घरावर चढणाऱ्या माणसांची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आहे का, हेही विचारा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढ्यावर नोंदणी होते. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी ठेकेदाराकडे शब्द टाकणं आपल्याला जमण्यासारखं आहे. अनेकांना ही नोंदणी असते हेच माहीत नसतं.

उतरवणं वरून खाली, थराथराने. भिंतीला बांधलेला दोर किंवा पाइप त्या थराची चौकट सुटेपर्यंत सोडायचा नाही. फ्रेम वरून फेकू देऊ नका. जमिनीवर आपटून वाकलेल्या फ्रेमचे पैसे तुमच्या अनामतीतून जातात. रोज संध्याकाळी खालची शिडी काढून आत ठेवा, पोरं चढतात. शेवटच्या दिवशी पिना आणि नट एका पोत्यात मोजून भरा, आणलेल्या दिवसाचं चलन समोर ठेवा आणि टेम्पो निघायच्या आधी त्याच कागदावर परतीची सही घ्या.